भोपळ्याचे पन्नास उद्या

आकाशात ढग औषधालाही सापडत नव्हता, आणि भोपळ्या म्हणत होता, "उद्या संध्याकाळचं मला नक्की सांगता येत नाही."

शालूने हातातली खरवडणी वाळूवर टाकली. आता या यंत्राला काय म्हणावं? ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. वाळूवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. गावातली कुत्रीसुद्धा होड्यांच्या सावलीला लोळत पडली होती. आठवड्यापूर्वी याच भोपळ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की आठवडाभर कडकडीत कोरडं राहणार, आणि तसंच झालं होतं. सात दिवसांचं सांगता येतं आणि उद्याचं येत नाही? कुठल्या शाळेत शिकला होता हा?

भोपळ्या म्हणजे खरं तर हवामान तरंगक (समुद्रावर तरंगत हवा आणि पाणी मोजत राहणारं यंत्र). नारिंगी, गोल गरगरीत, वर देठासारखा खांब. त्यामुळे माडबंदरच्या पोरांनी त्याला भोपळ्या म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तो स्वतःही तेच नाव सांगायला लागला. वर्षभर तो दूर समुद्रात असायचा. पावसाळा सरला की मात्र स्वतःहून पोहत किनाऱ्याला यायचा, कारण तोवर त्याच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांचा हा जाड थर चढलेला असायचा. जुन्या होड्यांची बुडं जशी खरवडायची तशी माडबंदरात भोपळ्याचीही खरवडत. या वर्षी ते काम अकरा वर्षांच्या शाल्मली मेहेरकडे, म्हणजे आपल्या शालूकडे होतं, आणि ती त्या कामावर भलतीच खूश होती. भोपळ्याइतकं गमतीचं बोलणारं गावात दुसरं कोणी नव्हतं.

आज मात्र गमतीची वेळ नव्हती. सकाळी घरून निघताना आईने बजावलं होतं, "भोपळ्याला विचारून ये, उद्या संध्याकाळी पाऊस आहे का. दुपारी होड्या लागतील. सगळे बोंबील वलांडीवर टांगायचे, की निम्मे ताजेच बाजाराला धाडायचे, ते मला ठरवायचंय."

वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधून केलेली उंच मांडणी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. तीन दिवस चांगलं ऊन मिळालं की बोंबील खडखडीत वाळतो. तोच पावसाळ्यात घरोघरी पुरतो, लेकीबाळींच्या सासरी जातो, बाजारात विकला जातो. पण अर्धवट वाळलेल्यावर पाऊस पडला की संपलं. कीड लागते आणि सगळा माल फेकून द्यावा लागतो. शालूची आई प्रतीक्षा ही या वर्षी पहिल्यांदाच वलांड्यांची कारभारीण झाली होती. वयाने लहान म्हणून काही बायकांनी नाकंही मुरडली होती. त्यामुळे हा पहिला मोठा माल वाया जाऊन चालणार नव्हतं.

"भोपळ्या, मला हो की नाही एवढंच सांग ना," शालू म्हणाली.

"तेवढंच तर सांगता येत नाही. तुझ्याकडे थोडे कच्चे चिकू आहेत का?"

चिकूंना काय तोटा? किनाऱ्यालगतच्या वाडीत झाडांखाली सुपारीएवढे गळलेले चिकू पडलेले असायचे. शालू ओंजळभर घेऊन आली. शेजारीच डांबर लावायला एक होडी पालथी घातली होती.

"होडीच्या कुशीवर, उताराच्या मध्यावर एक चिकू ठेव आणि सोड," भोपळ्या म्हणाला. "मग दुसरा सोड. अगदी त्याच जागी ठेवायचा प्रयत्न कर."

शालूने पाच-सहा चिकू सोडले. जागा थोडीफार इकडेतिकडे झाली, पण सगळे घरंगळत डाव्या बाजूलाच वाळूत पडले.

"आता होडीच्या कण्यावर, सगळ्यात उंच धारेवर ठेव."

पहिला चिकू डावीकडे गेला. दुसरा उजवीकडे. तिसरा क्षणभर थबकला आणि पुन्हा उजवीकडे. शालूने श्वास रोखून चौथा अगदी पहिल्याच्या जागी ठेवला, तर तो डावीकडे गेला आणि पाचवा पुन्हा उजवीकडे.

"जागा तर तीच होती," ती म्हणाली.

"तुला तीच वाटली. केसाएवढा फरक असणार. उतारावर तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही, कण्यावर मात्र सगळंच बदलतं. हवेचंही असंच असतं. काही दिवस उताराचे असतात, काही कण्याचे. गेला आठवडा उताराचा होता."

"तो कसा काय?"

भोपळ्याला असे प्रश्न फार आवडत. त्याच्या देठावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. "पावसाळा परत फिरला की आपल्यावरची उंचावरची हवा हळूहळू खाली उतरायला लागते. खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि दाबली की तापते. तू सायकलमध्ये हवा भरतेस तेव्हा पंप गरम लागतो ना? तसंच. तापलेल्या हवेत ढग टिकत नाहीत. शिवाय ही गरम हवा झाकणासारखी आपल्या डोक्यावर बसून राहते. खालची दमट हवा वर जाऊ पाहते, पण झाकण तिला अडवतं. म्हणून आकाश निरभ्र, ऊन कडक, आणि आर्द्रता (हवेत मिसळलेली पाण्याची वाफ) खालीच अडकल्यामुळे तुझ्या पाठीला घामाच्या धारा."

"मग उद्या काय होणार आहे?"

"उद्या ते झाकण दक्षिणेकडून सैल होतंय. टिकलं तर आजच्यासारखंच ऊन. उघडलं, तर आठवडाभर कोंडलेली सगळी वाफ एकदम वर जाईल आणि दुपारनंतर गडगडाटी ढग उभा राहील. उद्याचा दिवस कण्यावरचा आहे, शालू."

शालूने वर पाहिलं. स्वच्छ निळं आकाश, आणि त्यात म्हणे न दिसणारं झाकण. तिला ते एकदम फार मोठं आणि फार सुंदर वाटलं. इतके दिवस ती नुसतं "उकडतंय, उकडतंय" म्हणत होती आणि डोक्यावर एवढी घडामोड चालली होती.

"मग तुम्ही यंत्रं करता तरी काय अशा वेळी?"

"चिकू सोडतो," भोपळ्या म्हणाला. "माझ्यासारखे शेकडो तरंगक, आकाशातले फुगे, जहाजं, डोंगरावरची केंद्रं, सगळे आपापली मोजमापं विभागीय केंद्राकडे पाठवतात. तिथला मोठा गणक त्यांवरून उद्याची हवा काढतो. पण मोजमापात केसाएवढी चूक असणारच. म्हणून तो सुरुवात थोडी थोडी बदलून तेच गणित पन्नास वेळा करतो. यातून पन्नास उद्या तयार होतात. त्याला समूह अंदाज (एकाच दिवसाचे अनेक अंदाज एकत्र पाहणं) म्हणतात. पन्नासच्या पन्नास एकाच बाजूला गेले तर मी छातीठोकपणे सांगतो. विखुरले, तर विखुरले असंच सांगतो. उद्या संध्याकाळी माडबंदरला पन्नासातले तीस कोरडे आहेत, वीस ओले."

यंत्राने "मला माहीत नाही" हेसुद्धा मोजून सांगावं, याची शालूला गंमतही वाटली आणि कौतुकही. तिच्या वर्गातली मुलं उत्तर येत नसलं की नुसती छताकडे बघत बसायची.

"तीस म्हणजे जास्त," ती म्हणाली. वर्गाचा मंत्री निवडताना असंच तर होतं. ज्याला जास्त हात तो जिंकला.

"शालू, ही निवडणूक नाही," भोपळ्या म्हणाला, पण तोवर ती पळत सुटली होती. लांबवर होड्यांचे झेंडे दिसायला लागले होते.

वलांडीच्या मैदानात एक रीत होती. दोरीवर बोंबील असताना तिथे पावसाचं नाव काढायचं नाही. सूचकपणेही नाही. मैदानात चांगलं तेवढंच बोलायचं. नाव काढलं की तो येतो, असं दमयंतीकाकू म्हणायच्या, आणि दमयंतीकाकूंचा शब्द मैदानात कोणी मोडत नसे. त्या सगळ्यांत वडील होत्या आणि त्यांच्या हाताखाली शालूच्या आईसकट निम्म्या बायका बोंबील टांगायला शिकल्या होत्या.

काही दोऱ्यांवर आदल्या दिवशीचे बोंबील होतेच. आई पार टोकाला शिडीवर उभी होती. शालूला पाहून बायकांनीच तिला घेरलं. "काय म्हणतो गो तुझा भोपळ्या?" काकूंनी विचारलं.

शालूने तोंड उघडलं. वीस उद्या ओले, हे सांगायचं तर तो शब्द आलाच. मग तिने चांगलं तेवढं सांगितलं. "पन्नासातले तीस जण म्हणतात, उद्या कोरडं."

"तीस जण म्हणतात. झालं तर मग," काकू म्हणाल्या आणि शिडीकडे वळून ओरडल्या, "प्रतीक्षा, कोरडं म्हणतात गो."

टोपल्या उतरल्या, जबड्यांत जबडे अडकले, दोऱ्या भरत गेल्या. बाजाराची गाडी रिकामीच परत गेली. उरलेल्या वीस जणांचं काय, हे कोणी विचारलं नाही, आणि शालूही खूश होऊन घरी जेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरवडणी घेऊन पुन्हा भोपळ्यापाशी आली. काल तिने त्याच्या पाण्यातल्या तापमापकावरचा शिंपल्यांचा थर काढला होता.

"बरं वाटतंय," भोपळ्या म्हणाला. "त्या थरामुळे मी पाणी किंचित जास्त गरम सांगत होतो. रात्री भरतीचं पाणी आलं तेव्हा मी नीट मोजमापं पाठवली. इतरांनीही पाठवली. दिवस जवळ आला की चिकू कण्यावरून कुठे कलतोय ते दिसायला लागतं. नवे पन्नास उद्या आलेत."

"किती कोरडे?"

"बारा."

"म्हणजे अडतीस ओले? काल तर तीस कोरडे होते. मी तसंच सांगितलं सगळ्यांना."

"वीस ओले होते, हे सांगितलंस ना?"

शालूने मान हलवून नाही म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भोपळ्याने विचारलं, "समजा, तुझ्या दप्तरात पन्नास डबे आहेत आणि वीस डब्यांत विंचू आहे. न बघता हात घालशील?"

"नाही."

"का? तीस डबे तर चांगले आहेत."

शालूने बाहीने डोळे पुसले. जास्त हात कुणाकडे, हा प्रश्नच नव्हता. आपलं काय पणाला लागलंय, हा प्रश्न होता. सहलीला जायचं असतं तर वीस ओले उद्या चालले असते, फार तर भिजलो असतो. पण दोरीवर गावाचा माल असताना वीस म्हणजे फार झाले.

"आता काय करू?"

"अजून दुपार व्हायची आहे," भोपळ्या म्हणाला. "मला पाय नाहीत. तुला आहेत."

मैदानात पोचेपर्यंत शालूला धाप लागली. वर तेच निळं आकाश, तेच ऊन. बायका वाळत आलेले बोंबील उलटसुलट करत होत्या. आई अगदी मधोमध उभी होती आणि शेजारी दमयंतीकाकू. आईला बाजूला बोलवावं, कानात सांगावं, असं शालूच्या मनात आलं. पण काल तिने सगळ्यांसमोरच सांगितलं होतं.

"आई," ती म्हणाली, "आज संध्याकाळी पाऊस येणार आहे."

एका बाईच्या हातातली जोडी खाली पडली. काकूंच्या कपाळावर आठ्या चढल्या. "काय बोललीस गो? इथे? माल डोक्यावर असताना?"

"काल मी निम्मंच सांगितलं, काकू. वीस जण पाऊस म्हणत होते. तो शब्द बोलायचा नाही म्हणून मी ते गाळलं. आज अडतीस जण म्हणतायत. येईलच असं नाही, पण बहुतेक येईल." ती आईकडे वळली. "माझं चुकलं, आई."

प्रतीक्षाने आकाशाकडे पाहिलं. मग दोऱ्यांकडे पाहिलं, टोकापासून टोकापर्यंत. शालूला वाटलं, आता आई रागावणार. पण आई हिशेब करत होती. आपली आई अशी शांत उभी राहून विचार करताना शालूने कधी नीट पाहिलीच नव्हती.

"परवाचे बोंबील वाळत आलेत. ते सगळे उतरवा, आत्ताच्या आत्ता गोदामात," आई म्हणाली. "कालचे ओले आहेत, ते रचून ठेवले तर घामेजून कुजतील. मिठाची पिंपं आहेत तेवढ्यात मावतील तितके खारवून टाकू. शेवटच्या दोन रांगा राहू द्या. पाऊस नाही आला तर त्या आपल्या, आला तर गेल्या."

"आणि नाही आला तर?" कोणीतरी कुरकुरलं. "चांगल्या उन्हातला माल उतरवायचा आणि पुन्हा टांगायचा."

"तर पुन्हा टांगू. हात दुखतील, माल राहील."

आता आईनेही तो शब्द उच्चारला होता, "पाऊस," आणि तोही मैदानात उभं राहून. बायका काकूंकडे बघायला लागल्या. काकूंनी पदर खोचला आणि पहिल्या दोरीला हात घातला.

उन्हात सगळ्यांच्या अंगातून पाणी निथळत होतं. शालूने किती जोड्या वाहून नेल्या याला गणती नव्हती. दुपार कलली तरी आकाश कोरडंच, आणि एकदोघी तिच्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागल्या. मग डोंगराच्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसला. बघता बघता त्याचा फुलकोबीचा गड्डा झाला, त्याची टोकं वर वर चढत गेली. झाकण उघडलं होतं. शालू टोपली हातात तशीच धरून बघत राहिली. आठवडाभर कोंडलेली वाफ तिच्या डोळ्यांसमोर आकाशाला भिडत होती. इतक्या काळजीतही तिला वाटलं, काय देखणं आहे हे.

वारा फिरला, वाळू उडाली आणि पाऊस आला. जेमतेम अर्धा तास पडला, पण असा पडला की मैदानात तळं झालं. शेवटच्या दोन रांगा भिजून चिंब झाल्या. गोदामाच्या दारात सगळ्याजणी एकमेकींना खेटून उभ्या होत्या, आणि त्यांच्या पाठीमागे छतापर्यंत कोरडे बोंबील रचलेले होते.

"दोन रांगा गेल्या माझ्यामुळे," शालू हळूच म्हणाली.

"गेल्या," आई म्हणाली. तिने खोटं काही सांगितलं नाही. "काल पूर्ण सांगितलं असतंस तर निम्मे ताजेच बाजाराला गेले असते. पण निम्मं सांगायची सवय आम्हीच तुला लावली, शालू." आणि तिने शालूचा ओला चेहरा आपल्या पदराने पुसला.

पुढच्या आठवड्यात भोपळ्याने पुन्हा वीस ओले उद्या सांगितले. शालूने मैदानात ते सगळ्यांना पूर्ण सांगितलं. आईने वाळत आलेला माल उतरवला. संध्याकाळ कोरडी गेली.

"खोटा पडला की भोपळ्या," एकजण म्हणाली.

"तो कुठे येणारच म्हणाला होता?" शालू म्हणाली. "तीस उद्या कोरडे होते, त्यातलाच एक आपल्याला मिळाला. असे वीस ओल्यांचे पुष्कळ दिवस मोजले ना, तर दहांतल्या चारेक वेळा पाऊस आलेला दिसेल. तसं दिसलं तर भोपळ्या खरा." त्या बाईने मान हलवली आणि बोंबील पुन्हा टांगायला घेतले.

दिवाळीच्या आधी भोपळ्याचं बूड चकचकीत झालं आणि त्याची समुद्रात परतायची वेळ आली. तो म्हणाला, "अजून काही वर्षांनी पन्नासाचे पाचशे उद्या होतील. मग माडबंदरचा वेगळा अंदाज आणि खाडीपलीकडचा वेगळा. पण त्यासाठी किनाऱ्यावरही मोजणारं कोणी हवं."

"मी आहे ना," शालू म्हणाली. विभागीय केंद्राने पाठवलेली छोटी मापकपेटी आईने कालच वलांडीच्या पहिल्या बांबूला बांधून दिली होती. तापमान, आर्द्रता, वायुदाब (हवेच्या वजनाचा भार) असं सगळं तिच्यात मोजलं जायचं. आता शालूने मोजलेले आकडेही त्या मोठ्या गणितात जाणार होते, आणि उद्याचे अंदाज भोपळ्या समुद्रातून त्याच पेटीवर कळवणार होता.

भोपळ्या लाटांवर डुलत दिसेनासा झाल्यावर ती मैदानात आली. ऊन निवळलं होतं, दोऱ्या भरलेल्या होत्या. दमयंतीकाकू पेटीसमोर उभ्या राहून ती चष्म्यातून निरखत होत्या.

"उद्याचं आलं का गो?" त्यांनी विचारलं.

"आलं, काकू. पन्नासातले—"

"थांब." काकूंनी हात वर केला, आजूबाजूला भरलेल्या दोऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "पाऊस म्हणणारे किती, ते आधी सांग."